चाळणी नलिकेत केंद्रक नाही, मग साखर वाहते कशी?

पानात तयार झालेली साखर रसवाहिनीतून मुळांकडे आणि फळांकडे जाते, इथपर्यंत शाळेत शिकवतात. प्रश्न त्यापुढचा आहे. रसवाहिनीत साखर नेणारी नळी म्हणजे चाळणी नलिका, एकापुढे एक जोडलेल्या पेशींची. तिच्या पक्व पेशीत केंद्रकच नसते, तर ती जगते कशी? साखर आत ओढते कोण? आणि तिला चिकटलेली सहपेशी ‘मदत करते’ म्हणजे नेमके काय करते?

आधी एक गैरसमज दूर करू. चाळणी नलिका मेलेली नसते. जलवाहिनीची पक्व पेशी खरोखर मृत असते, उरते ती नुसती भित्तिका. चाळणी नलिकेच्या पेशीला मात्र शाबूत पेशीपटल लागते. ते फुटले की दाब जातो, आणि दाब गेला की वाहतूक थांबते. म्हणजे या पेशीला दोन उलट गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात: आतून शक्य तितके रिकामे व्हायचे आणि तरी जिवंत राहायचे. ही कोंडी ती एकटी सोडवू शकत नाही, म्हणून हे काम दोन पेशींत वाटले गेले आहे.

या दोघी सख्ख्या बहिणी असतात. एकाच मातृपेशीचे उभे आणि असमान विभाजन होते. रुंद भागाची चाळणी पेशी होते, अरुंद भागाची सहपेशी (काही वेळा एकापेक्षा जास्त). त्यानंतर चाळणी पेशी स्वतःचे घर आवरायला घेते. केंद्रक विरघळते, रिक्तिकेचे पटल नाहीसे होते, रायबोसोम आणि गॉल्जी पिंड जातात. भित्तिकेला चिकटून पेशीपटल, गुळगुळीत आंतरद्रव्यजालिका, थोड्या तंतुकणिका, लवके आणि पी-प्रथिन नावाचे एक खास प्रथिन एवढेच उरते. मधला सगळा भाग रसासाठी मोकळा. टोकाच्या आडव्या भित्तिकेतले, पेशीला पेशी जोडणारे सूक्ष्म बोगदे रुंद होऊन त्यांची छिद्रे बनतात आणि चाळणी पट्टिका तयार होते. छिद्रांचा व्यास वनस्पतीगणिक बदलतो, एका मायक्रोमीटरपेक्षा कमी ते दहाच्या पुढे. भोपळ्याची छिद्रे मोठी असतात, म्हणून चाळणी पट्टिका पाहायला भोपळ्याचे खोड सोयीचे.

सहपेशीचे चित्र अगदी उलटे. दाट पेशीद्रव, मोठे केंद्रक, तंतुकणिकांची गर्दी. दोघींच्या मधल्या भित्तिकेतले बोगदेही वेगळ्याच घडणीचे असतात: सहपेशीच्या बाजूला अनेक फांद्या आणि चाळणी पेशीच्या बाजूला त्यांचे एकच तोंड. या वाटेने फक्त साखर जात नाही, प्रथिनेही जातात. जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन फक्त सहपेशीत तयार होईल अशी रोपे बनवली, तेव्हा ते चाळणी नलिकेत उतरून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोहोचलेले दिसले. फुले येण्याचा निरोप देणारे एफटी प्रथिनही पानातल्या सहपेशीतच बनते आणि याच नळीतून शेंड्याला जाते. केंद्रक नसलेली पेशी कशी जगते, याचे उत्तर इथे मिळते. तिला लागणारी प्रथिने बहिणीच्या घरी बनतात आणि आतल्या दाराने पोहोचतात. ही व्यवस्था किती काळ टिकू शकते ते ताडामाडांत पाहावे. त्यांच्या खोडात दुय्यम वाढ नसल्याने नवी रसवाहिनी तयार होत नाही, आणि खोडातल्या त्याच चाळणी पेशी केंद्रकाशिवाय अनेक दशके काम करत राहतात.

आता साखर भरण्याकडे येऊ. इथे ‘सर्व वनस्पतींत असेच होते’ असे एकही वाक्य लिहिता येत नाही. सर्वांत चांगला अभ्यासलेला मार्ग भित्तिकेतून जाणारा. हरितलवकातून ट्रायोज फॉस्फेट (तीन कार्बनांची छोटी साखर) बाहेर येते आणि पेशीद्रवात त्याचे सुक्रोज होते. सुक्रोज बोगद्यांमधून पेशीमागून पेशी ओलांडत शिरेजवळच्या रसवाहिनी मूलऊतीपर्यंत पोहोचते. तिथे ‘स्वीट’ गटाची वाहक प्रथिने त्याला पेशीबाहेर, भित्तिकेच्या पोकळीत सोडतात. ही प्रथिने ऊर्जा खर्च करत नाहीत, उताराच्या दिशेने दार उघडतात इतकेच. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपामधली स्वीट-११ आणि स्वीट-१२ ही जोडी २०१२ मध्ये या कामासाठी ओळखली गेली. मक्यात हेच काम स्वीट-१३ करते.

भित्तिकेतले सुक्रोज उचलणे हे चढाचे काम, आणि ते सहपेशी-चाळणी पेशीच्या जोडीच्या पटलावर होते. सहपेशीतला प्रोटॉन पंप एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) खर्चून हायड्रोजन आयन बाहेर फेकतो. त्यामुळे भित्तिकेचा सामू (पीएच) ५ ते ५.५ च्या आसपास आणि आतला ७ च्या पुढे राहतो, शिवाय आतली बाजू विद्युतदृष्ट्या ऋण होते. हे आयन परत आत यायला आतुर असतात. सुक्रोजचा वाहक एका आयनाबरोबर एक सुक्रोज आत घेतो. हिशेब स्वस्तात पडतो: एका सुक्रोजला साधारण एक एटीपी, आणि त्याच सुक्रोजचे पूर्ण श्वसन झाले तर सुमारे ६० एटीपी मिळतात. साठ रुपयांच्या मालाला एक रुपया हमाली. वाटाण्यासारख्या काही वनस्पतींत सहपेशीची भित्तिका आत बोटासारखी वळलेली असते. त्यामुळे पटलाचे क्षेत्रफळ वाढते आणि वाहकांना जागा मिळते.

वाहक नेमका कोणत्या पेशीत बसतो याबद्दल पुस्तके ठामपणे लिहितात, तेवढे सरसकट ते नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये तो (एसयूसी-२) सहपेशीत आहे. बटाटा, टोमॅटो, तंबाखू यांच्यात तशाच वाहकाचे प्रथिन चाळणी पेशीच्या पटलावर दाखवले गेले आहे, आणि त्या पेशीला केंद्रक नसल्याने संदेश शेजारणीकडूनच येणार हे उघड आहे. म्हणून ‘सहपेशी साखर भरते’ याऐवजी ‘ही जोडी साखर भरते’ असे म्हणणे जास्त सुरक्षित.

या मार्गाचा पुरावा तीन ठिकाणी कळ बिघडवून मिळाला आहे. एसयूसी-२ निकामी केले की रोप खुरटते आणि पानात पिष्ट साठते. स्वीट-११ व १२ दोन्ही काढले तरी तेच, थोड्या सौम्यपणे. तिसरा प्रयोग सर्वांत बोलका: तंबाखूच्या भित्तिकेत यीस्टचे इन्व्हर्टेज (सुक्रोज मोडणारे विकर) घातले, तेव्हा सुक्रोज वाहकापर्यंत पोहोचण्याआधीच ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडले. पाने कर्बोदकांनी फुगली, पिवळी-पांढरी पडली, मुळे उपाशी राहिली. साखर खरोखर भित्तिकेतून जाते, याला याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

भोपळा, काकडी, दोडका यांच्या कुळात वेगळीच युक्ती आहे. तिथली सहपेशी खास प्रकारची, मध्यस्थ पेशी म्हणतात तिला. पानाच्या बाजूने ती असंख्य अरुंद बोगद्यांनी जोडलेली असते. सुक्रोज आत येताच त्याला गॅलॅक्टोज जोडून रॅफिनोज आणि स्टॅकिओज बनवतात. हे रेणू मोठे असल्याने आलेल्या वाटेने परत जाऊ शकत नाहीत, पुढे चाळणी पेशीकडे मात्र जातात. रॉबर्ट टर्जन यांनी मांडलेली ही ‘बहुरेणू सापळा’ कल्पना आहे. इथे ऊर्जा पंपावर नाही तर या जोडणीवर खर्च होते. म्हणून काकडीच्या रसात फक्त सुक्रोज मोजले तर वाहतुकीचा मोठा भाग हिशेबातून निसटतो. ही चूक फार वेळा होते.

तिसरा प्रकार अनेक झाडांचा: काही भरणे-बिरणे नाही. पानातच साखर इतकी दाट असते की ती उताराने बोगद्यांमधून नळीत जाते. विलो आणि सफरचंद ही चांगली उदाहरणे. सफरचंदाच्या कुळात तर सुक्रोजबरोबर सॉर्बिटॉलही वाहते, आणि त्याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. सॉर्बिटॉल बोरॉनला धरून ठेवते, त्यामुळे सफरचंदात पानावर फवारलेले बोरॉन रसवाहिनीतून कळीपर्यंत जाते. टोमॅटोत ते जवळजवळ फवारलेल्या पानातच राहते.

नळीत साखर भरल्यावर पुढचे काम पाण्याचे. अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० च्या ग्रंथात मांडलेला दाबप्रवाह तोच. तो आकड्यांत पाहिला की डोक्यात बसतो. उदाहरणादाखल, नळीत ०.६ मोलर सुक्रोज आहे, म्हणजे लिटरला सुमारे २०५ ग्रॅम. ३० अंश सेल्सिअसला त्याचा परासरण दाब सुमारे १.५ मेगापास्कल. पोटॅशियम आणि अमिनो आम्लांचे ०.४ धरा, एकूण १.९. शेजारच्या जलवाहिनीत दुपारी पाणी ०.८ मेगापास्कलच्या ताणाखाली आहे. वजा केले की नळीतला प्रत्यक्ष दाब १.१ मेगापास्कल, मोटारीच्या टायरच्या साधारण पाचपट. मुळाच्या टोकाला साखर काढून घेतली जाते. तिथे परासरण दाब ०.९ आणि जलवाहिनीचा ताण ०.३ असला, तर दाब ०.६. हा ०.५ चा फरक रस ढकलतो. वेग तासाला साधारण एक मीटर, वनस्पतीप्रमाणे कमीजास्त. यात चाळणी नलिका स्वतः काहीच ढकलत नाही. ती गळत नाही आणि आड येत नाही, एवढेच तिचे काम. जोर दोन्ही टोकांना लावला जातो.

उंच झाडात एवढा फरक पुरतो का, ही शंका जुनी आहे आणि रास्तही. मायकेल नॉब्लाउख आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निळ्या फुलांच्या लांबच लांब गारवेलींवर प्रत्यक्ष मोजमाप केले. वेल लांब झाला तसा पानाकडचा दाबही वाढला आणि नळ्यांची वहनक्षमताही वाढली. म्युंख बहुतांशी बरोबर ठरले.

‘पानाकडून खाली’ हा नियम मात्र लिहू नये. कोवळे पान स्वतःच साखर आयात करते. पूर्ण आकाराच्या पाव भागाइतके वाढल्यावर टोकाकडून त्याचा स्वभाव बदलू लागतो, आणि निम्मे वाढेपर्यंत ते निर्यातदार झालेले असते. म्हणूनच कोवळ्या शेंड्यातून ‘पानातला रस’ काढून निष्कर्ष काढणे चुकीचे.

उतरवून घेणे हे प्रत्येक गिऱ्हाइकाचे वेगळे. मुळाच्या टोकाला रस बोगद्यांनीच शेजारच्या पेशीत उतरतो. दाण्यात तसे चालत नाही, कारण मातृऊती आणि भ्रूण यांच्यात बोगदेच नसतात. साखर एकदा बाहेर सोडून पुन्हा आत घ्यावी लागते, आणि इथे स्वीट व सुक्रोज वाहक परत हजर होतात. द्राक्षात गंमत अशी की एकाच मण्यात पद्धत बदलते. मणी हिरवा, कडक असताना साखर बोगद्यांनी उतरते. पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ पडू लागण्याच्या, सुमारास ती वाट बंद होते, भित्तिकेतून उतरणे सुरू होते आणि इन्व्हर्टेजचे काम वाढते. त्याच सुमारास जलवाहिनीतून येणारे पाणी खूप कमी होते, म्हणजे मण्यात पुढे येणारे पाणीही मुख्यतः साखरेबरोबरच येते. या टप्प्यावर पाने आजारी असतील तर जास्त पाणी देऊन गोडी वाढत नाही, ती यामुळेच.

इतक्या दाबाखालची नळी फुटली तर झाड रिकामे व्हायला हवे. तसे होत नाही, कारण दोन बुचे तयार असतात. पी-प्रथिन लगेच छिद्रांत जाऊन अडकते; शेंगवर्गीय पिकांत त्याचे फोरिझोम नावाचे रूप कॅल्शियम वाढताच सेकंदाच्या आत फुगते आणि पुन्हा आकसूही शकते. कॅलोज हे कर्बोदक काही मिनिटांत छिद्राभोवती साठून भोक आवळते. जुन्या स्लाइडमध्ये चाळणी पट्टिकेवर दिसणारा चिकट गोळा हा बहुधा कापण्याच्या धक्क्याचा परिणाम, जिवंत झाडातले चित्र नव्हे.

ही बुचे कोकण-गोव्यात माडी काढणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत, नाव वेगळे एवढेच. न उमललेली पोय (माडाचा फुलोरा) बांधतात, काही दिवस हलके ठोकतात, टोक कापतात आणि मग रोज दोन-तीन वेळा पातळ चकती तासतात. तासायचे कारण हेच, की बुजलेली छिद्रे काढून ताजी तोंडे उघडायची. जो थेंब पडतो तो रसवाहिनीचा रस, त्यात सुक्रोज साधारण १२ ते १५ टक्के. ताज्या नीरेचा सामू ७ च्या आसपास असतो. तो खाली घसरला की आंबणे सुरू झाले आणि सुक्रोज मोडू लागले असे समजावे.

प्रयोगशाळेत रस गोळा करायचा तर ही बुचे बसू नयेत म्हणून कॅल्शियम काढून घेणे हा उपाय. पूर्ण वाढलेले पान घ्या. द्रावण कॅल्शियम पकडणाऱ्या ईडीटीएचे, २० मिलिमोलर (डायसोडियम क्षार, लिटरला ७.४ ग्रॅम), सामू ७ ते ७.५ ला आणलेले. देठ द्रावणात बुडवून, द्रावणाखालीच पुन्हा कापा म्हणजे हवा शिरत नाही. अंधारात आणि शंभर टक्क्यांजवळच्या आर्द्रतेत एक तास ठेवा, देठ धुवा, मग स्वच्छ पाण्यात पुढचे काही तास रस गोळा करा. आर्द्रता कमी पडली तर पान बाष्पोत्सर्जन करत ईडीटीए जलवाहिनीतून वर ओढते, पेशी फुटतात, आणि तुम्ही रसवाहिनीचा नव्हे तर पानाचा काढा मोजता. याची खूण म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोज. सुक्रोज वाहणाऱ्या पिकाच्या रसात ते फार थोडे असायला हवेत. जास्त निघाले तर नमुना टाकून द्यावा. भोपळ्याचे खोड कापून भराभर येणारा रस जमवण्याचा मोहही टाळावा. तो मुख्य पूलांच्या (वाहिन्यांच्या जुडग्यांच्या) बाहेरच्या रसवाहिनीतून आणि जलवाहिनीतूनही येतो.

सर्वांत शुद्ध नमुना मिळतो तो माव्याच्या सोंडेतून. मावा सोंड नेमकी एका चाळणी पेशीत खुपसतो. तो खात असताना सोंड कापली की राहिलेल्या तुकड्यातून रस तासन्‌तास झिरपतो, कारण दाब झाडाचाच असतो. केनेडी आणि मिटलर यांनी १९५३ मध्ये हे दाखवले. थेंब तेलाखाली घ्यावा लागतो, नाहीतर पाणी उडून आकडा फुगतो. शेतात दिसणारा चिकटाही त्याच दाबाची खूण. रसात साखर उदंड आणि अमिनो आम्ले कमी, म्हणून मावा नको तेवढी साखर मागून टाकतो आणि त्यावर काजळी चढते.

बिघाड कुठे होतो ते आता ओळखता येईल. मॅग्नेशियम कमी पडले की पंपाला लागणारे मॅग्नेशियम-एटीपी कमी पडते, आणि पाने पिवळी दिसण्याआधीच त्यांत साखर अडकते. पालाश कमी पडले की पटलाचा विद्युतभार आणि नळीतला दाब दोन्ही ढासळतात. बाहेरून दोन्हींत एकच दिसते: पान जाड, फळ हलके, मुळे थोडी. वांग्याचा पर्णगुच्छ, तिळाचा पर्णगुच्छ, उसाची गवताळ वाढ या रोगांचे फायटोप्लाझ्मा (भित्तिका नसलेले सूक्ष्म जीवाणू) चाळणी नलिकेतच राहतात, छिद्रांतून पुढे सरकतात आणि रस शोषणाऱ्या तुडतुड्यांनी पसरतात (उसात मुख्यतः बेण्यातून). संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाचा जीवाणूही याच नळीत असतो, सिट्रस सिल्ला ही रस शोषणारी कीड त्याला आणते. तिथे जास्त नुकसान झाडाच्या स्वतःच्या बचावाने होते. कॅलोज आणि पी-प्रथिन नळ्या बुजवतात, पानात पिष्ट कोंबले जाते, मुळे मरतात.

ग्रीनिंग आणि जस्ताची कमतरता यांत गल्लत होते. जस्तात पिवळेपणा मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, ग्रीनिंगमध्ये असमान. आयोडीन चाचणी मदत करते: पहाटे पान तोडा, मिनिटभर उकळत्या पाण्यात, मग गरम पाण्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये हिरवा रंग जाईपर्यंत (उघड्या ज्योतीवर कधीही नाही), धुऊन आयोडीन. निरोगी पानातले पिष्ट रात्रीत बरेचसे खर्च होते, पहाटेही पान गडद निळे-काळे झाले तर साखर बाहेर पडलेली नाही. लिंबूवर्गीय पानात थोडे पिष्ट निरोगी असतानाही उरते, म्हणून त्याच वयाचे निरोगी पान शेजारी ठेवून तुलना करावी.

द्राक्षातले गर्डलिंग हा मुद्दाम केलेला बिघाड. सालीचे कडे काढले की रसवाहिनी तुटते, जलवाहिनी शाबूत राहते, साखर कड्याच्या वर अडून मण्यांना मिळते. पाते खोल गेले तर जलवाहिनी कापली जाते. कडे रुंद झाले तर जखम ३ ते ६ आठवड्यांत भरत नाही आणि मुळे उपाशी मरतात. अशक्त वेलीवर हे करूच नये. केळी, ऊस, नारळ यांच्यावर तर करताच येत नाही, कारण त्यांचे पूल खोडभर विखुरलेले असतात. काढायला एकसंध सालच नसते.